अण्णांची काळी ट्रंक

अण्णा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्याबरोबर एक काळी पत्र्याची ट्रंक घरी आली. वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. आत डिस्चार्ज बुक, पेन्शनचा हुकूम म्हणजे पीपीओ, दोन पदकं आणि बूटपॉलिशची डबी. ते होते तोवर तिला कुणी हात लावला नाही. ते गेले आणि किल्ली माझ्याकडे आली. गेल्या चार वर्षांत त्या किल्लीनं जे शिकवलं, ते असं.

१. आधी नाव बघा.
आई माहेरची हौसा. लग्नात अण्णांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलं, लक्ष्मी. रेशनकार्ड, आधार, बँक, सगळीकडे लक्ष्मी. पलटणीत मात्र अण्णांनी तिचा शाळेचा दाखला दिलेला, म्हणून तिथे हौसा. जन्मतारखेचं आणखी निराळं : शाळेत १ जून, आधारवर १ जानेवारी. आमच्याकडे निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं आहे, मास्तरांच्या कृपेनं. रेकॉर्ड ऑफिसला हे कोण समजावणार? त्यांच्या लेखी हौसा ही हवालदाराची बायको, मग ही लक्ष्मी कोण?
जवान नोकरीत असताना हे काम सोपं असतं. कागद जोडून पलटणीच्या क्लार्ककडे अर्ज द्यायचा, पार्ट टू ऑर्डर निघते, म्हणजे नोंदीतला बदल पलटणीच्या दप्तरी लागतो. निवृत्तीनंतर प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावबदल, सरपंचाचा दाखला, पत्रावर पत्र. आणि माणूस गेल्यावर हे सगळं असतंच, फक्त ज्याच्या एका सहीनं भागलं असतं तो नसतो. आम्हाला चौदा महिने लागले. तोवर आईचं माजी सैनिकाच्या विधवेचं ओळखपत्र अडलं, आणि ते अडलं म्हणून बाकी सगळंच अडलं.

२. दिल्लीचं कोणतं, मुंबईचं कोणतं, हे पाठ करा.
पेन्शन, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांचा दवाखाना, कॅन्टीन हे केंद्राचं. घरपट्टीची माफी, राज्याच्या नोकऱ्यांतलं आरक्षण, जिल्ह्याच्या गावातली सैनिकी मुलामुलींची वसतिगृहं हे राज्याचं. मी पहिलं वर्ष चुकीच्या खिडक्यांसमोर उभी राहण्यात घालवलं. खरं तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा उंबरठा दोन्हींसाठी एकच. ते पुण्याच्या राज्य सैनिक कल्याण विभागाच्या हाताखाली चालतं, पण दिल्लीच्या केंद्रीय सैनिक मंडळाकडे मदतीचे अर्ज जातात तेही त्याच्याच मार्फत. तिथले कल्याण संघटक स्वतः पलटणीतून आलेले. निम्मं मराठी, निम्मं पलटणीचं हिंदी. आईला त्यांचं बोलणं ऐकून अण्णांची आठवण यायची, म्हणून काम नसतानाही ती माझ्याबरोबर यायची.

३. जीआर सोबत ठेवा.
२०२० मध्ये राज्यानं बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना आणली. माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला राहत्या एका घराची घरपट्टी माफ. ग्रामपंचायतीत गेलो तर उत्तर आलं, “आमच्यापर्यंत असं काही आलेलं नाही.” तालुक्याच्या सायबर कॅफेतून जीआर छापून नेला. मग म्हणाले, सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला आणा. तोही आणला. मग नमुना आठचा उतारा काढला तर घर अजून आजोबांच्या नावावर! वारसनोंद करण्यात पावसाळा गेला.
आमची घरपट्टी साडेसातशे रुपये. माझं एसटीचं भाडंच त्याहून जास्त झालं असेल. मध्येच मी म्हटलंही, जाऊ दे ना, भरून टाकू. आई म्हणाली, “पैशाचं नाही गं. त्यांच्या वहीत यांचं नाव लागलं पाहिजे.” ते लागलं. पाणीपट्टी मात्र भरावीच लागते, तिला माफी नाही.

४. शब्द नीट वापरा.
रणात धारातीर्थी पडलेल्या जवानाची पत्नी ती वीरपत्नी. तिच्या कुटुंबासाठी राज्याची तरतूद वेगळी आहे : एक कोटी रुपये, दोन हेक्टरपर्यंत शेतजमीन. आमचे अण्णा घरात, खाटेवर, दम्यानं गेले. एका १५ ऑगस्टला सरपंचांनी माइकवर आईला ‘वीरपत्नी’ म्हणून सत्काराला बोलावलं. आई व्यासपीठावर गेली आणि तिथंच म्हणाली, “मी हवालदाराची बायको. वीरपत्नी वरच्या आळीला राहतात, तो नारळ त्यांना द्या.” फॉर्म भरतानाही हेच. चुकीच्या रकान्यात खूण केली की अर्ज परत येतो. आणि हक्काचं नसलेलं मागितलं की हक्काचं मागतानाही मान खाली जाते.

५. तारीख चुकली की संपलं.
धाकट्या भावाला इंजिनिअरिंगला संरक्षण दलांच्या पाल्यांसाठीच्या राखीव जागेतून प्रवेश मिळाला. तेव्हा अण्णा होते. पंतप्रधान शिष्यवृत्तीचं आम्हाला कळलं तो दुसऱ्या वर्षाला गेल्यावर. ती मुलाला महिना अडीच हजार, मुलीला तीन हजार आहे, आणि अर्ज करायचा पहिल्याच वर्षी. महिना अडीच हजार म्हणजे किती होतात, याचा हिशोब धाकटा अजून करून दाखवतो.

६. आरक्षण म्हणजे नोकरी नव्हे.
राज्याच्या गट क आणि ड मध्ये माजी सैनिकांना पंधरा टक्के समांतर आरक्षण आहे. चुलते निवृत्त झाले तेव्हा त्यांना वाटलं, ऑर्डर टपालानं येईल. परीक्षा द्यावी लागते म्हटल्यावर चिडले. मग चाळिशीत, चष्मा लावून, पुतण्याच्या शेजारी बसून अंकगणित करू लागले. दुसऱ्या खेपेला निवड झाली.

७. आईचा नियम.
हा माझा नाही. आमच्या गावातली बरीच पोरं फौजेत आहेत. रजा काढून येतात, लग्न लावतात, हळद उतरायच्या आत परत जातात. लग्नाच्या मांडवात बायका नव्या नवरीला उखाण्याचा आग्रह करत असतात, तेवढ्यात आई वाट काढत पुढे जाते आणि विचारते, “बाई, ह्यानं तुझं नाव कुठलं लिहिलंय, माहेरचं का सासरचं?” नवरी गोंधळते. नवरदेव कटिंग केलेल्या मानेवरून हात फिरवत म्हणतो, “पलटणीत गेल्यावर करतो, काकी.”
“काय करतोस?”
“पार्ट टू ऑर्डर.”
मग आई अक्षता टाकते.