ध्रुव तुझा तूच धर

ऐक गं, नवी दुर्बीण आलीय, मृगातल्या तेजोमेघाचे फोटो डोळ्यांपुढे नाचताहेत, सगळं कळतं मला. तरी पहिल्या रात्री फोटोचं नाव काढू नकोस. ती रात्र ध्रुवाला दे.

माउंटचा, म्हणजे दुर्बीण पेलणाऱ्या बैठकीचा, एक आस ध्रुवाकडे रोखून पृथ्वीच्या आसाला समांतर झाला, की मोटर त्या एकाच आसावर तासाला १५ अंश फिरत ताऱ्याला धरून ठेवते. आस जरा तिरका राहिला, की तारा निसटतो आणि फोटोत रेघ उमटते. नुसतं डोळ्यांनी बघताना थोडं इकडेतिकडे चालतं. कॅमेऱ्याला चालत नाही.

ध्रुवाची उंची साधारण आपल्या अक्षांशाएवढी. पुण्यात जेमतेम साडेअठरा अंश. म्हणून तो धुरकट हवेत, इमारतींमागे दडतो. गच्चीच्या उत्तरेला पाण्याची टाकी असेल तर सरळ दुसरी गच्ची बघ. डिसेंबरात संध्याकाळी सप्तर्षी वर आलेले नसतात, तेव्हा शर्मिष्ठेवरून ध्रुव शोध. आणि इतक्या कमी कोनात वजनाची दांडी तिवईच्या पायावर आदळू शकते, ते उजेडातच फिरवून बघ.

ध्रुवतारा मधोमध आणून थांबू नकोस हं! खरा खगोलीय ध्रुव त्याच्यापासून पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीहून थोडा जास्तच लांब आहे. माउंटमधल्या छोट्या ध्रुवदर्शक दुर्बिणीतल्या वर्तुळावर ध्रुवतारा त्या घटकेला कुठे हवा, ते मोबाइलवरचं ॲप सांगतं. तिथे आणताना फक्त उंचीचे आणि बाजूचे स्क्रू फिरव.

ध्रुव दिसलाच नाही तर? दक्षिणेला, वैषुविक वृत्ताजवळ, डोक्यावरच्या उत्तर-दक्षिण रेषेशी आलेला तारा धर. तो दक्षिणेकडे सरकला तर आस पूर्वेला गेलाय, उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेला. मग पूर्वेचा तारा घे: दक्षिणेकडे सरकला तर आस खाली, उत्तरेकडे सरकला तर वर. तास जाईल. जाऊ दे.

माझ्या पहिल्या शिबिरात एका जाणत्या गृहस्थांनी ‘राहू दे, मी लावून देतो’ म्हणून सगळं लावून दिलं. फोटो सुरेख आले. पुढे एकटी बसले तेव्हा मला काहीच येईना. दोन हिवाळे तसेच गेले. तुझ्या हातातून कुणी स्क्रू घ्यायला आलं, तर ‘थांबा, मला करू द्या’ असं स्पष्ट सांग.