ग्रामसभा आणि गावाचा अभ्यासगट

यावल तालुक्यातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे अधिवेशन भरले. ग्रामीण भागात भरलेले काँग्रेसचे हे पहिलेच अधिवेशन होय. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्षस्थानी होते. धनाजी नाना चौधरी यांच्यासारख्या स्थानिक कार्यकर्त्यांनी त्याच्या सिद्धतेसाठी अपार परिश्रम घेतले. या अधिवेशनाने घटना समितीच्या मागणीचा पुनरुच्चार केला आणि शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला, हे खानदेशातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु या कार्यक्रमाची पूर्वपीठिका सहसा सांगितली जात नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लखनौ अधिवेशनाने प्रांतिक समित्यांना शेतकऱ्यांच्या स्थितीची पाहणी करून अहवाल पाठविण्यास सांगितले होते. अनेक प्रांतांचे अहवाल वेळेत आले नाहीत आणि फैजपूरला तूर्तासाठी म्हणून एक कार्यक्रम संमत करावा लागला. ठरावाआधी पाहणी हवी, ही जाणीव तेव्हाच्या धुरिणांना होती. पाहणी करवून घेणे किती अवघड असते, याचाही त्यांना अनुभव आला.

आज ग्रामपंचायतीच्या कारभारात नेमका हाच प्रश्न आपल्यापुढे उभा आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वित्तीय वर्षात ग्रामसभेच्या किमान चार बैठका घ्याव्या लागतात. एकूण मतदारांच्या पंधरा टक्के अथवा शंभर मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती आवश्यक असते. गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीचे बंधन नाही. या तरतुदीमागील हेतू कामकाज खोळंबू नये असा आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी पहिली सभा तहकूब होणार हे गृहीत धरूनच दुसरीची तयारी केली जाते. प्रस्तुत लेखकाने अशा काही सभा पाहिल्या आहेत. विषयपत्रिका वाचली जाते, अंदाजपत्रकाचे आकडे भराभर सांगितले जातात, ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज उठतो आणि इतिवृत्तावर सह्या होतात. लोक उदासीन आहेत, असा शेरा मग सहजच मारला जातो. परंतु ज्या विषयाची आगाऊ माहिती नाही, त्यावर सामान्य माणसाने उठून बोलावे तरी काय?

ही माहिती लोकांपर्यंत नेण्याचे काम महाराष्ट्रात बिगर-सरकारी संस्थांनी फार पूर्वीपासून केले आहे. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभेची स्थापना झाली, तेव्हा तिच्या ९५ सभासदांजवळ सुमारे सहा हजार लोकांची मुखत्यारपत्रे होती. ‘आम्ही कोणाच्या वतीने बोलतो’ या प्रश्नाचे उत्तर त्या काळातही कागदावर तयार ठेवले गेले होते. गणेश वासुदेव जोशी आणि पुढे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने सभेने शेतकऱ्यांच्या सांपत्तिक स्थितीची चौकशी केली. १८७६-७७ च्या दुष्काळात जिल्ह्याजिल्ह्यांतून वृत्तान्त गोळा करून ते सरकारपुढे ठेवले. १८७८ पासून सभेचे त्रैमासिक निघू लागले. पुढे १८९६ च्या दुष्काळात तिच्या कार्यकर्त्यांनी सरकारच्याच दुष्काळ-संहितेत रयतेला कोणत्या सवलती दिल्या आहेत, हे गावोगाव समजावून सांगितले. सरकारचा नियम लोकांना सांगणे एवढाच हा अपराध. पण १८९७ मध्ये शासनाने सभेची मान्यता काढून घेतली.

अलीकडच्या काळातील उदाहरण गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीचे आहे. ‘वृक्षमित्र’ ही संस्था आणि तिचे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल हे १९८० नंतरच्या दशकात त्या परिसरात लोक आणि जंगल यांच्या नात्याचा अभ्यास करीत होते. अभ्यासासाठी आलेल्या संस्था माहिती घेऊन निघून जातात, असा खेड्यांचा सर्वसाधारण अनुभव असतो. येथे मात्र अभ्यास गावाचाच झाला. देवाजी तोफा यांच्यासारख्या गावकऱ्यांबरोबर बसून अभ्यासगट सुरू झाला. ज्याला इच्छा असेल त्याने यावे, कोणाही जाणकाराला बोलवावे, प्रश्न विचारावेत, अशी त्याची पद्धत.

या अभ्यासगटाचा एक दंडक पंचायत सदस्यांनी विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. अभ्यासगटात निर्णय होत नाही. तेथे केवळ विषय समजून घ्यावयाचा. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलावयाचा. यामुळे दोन गोष्टी साधल्या. चर्चेत हार-जीत नसल्याने माणसे मोकळेपणी शंका विचारू लागली. आणि बाहेरून आलेली संस्था कितीही जाणकार असली तरी तिच्या हाती निर्णयाची सूत्रे गेली नाहीत. समाजकार्य करणाऱ्या अनेक संस्थांना हा दुसरा संयम पाळता येत नाही, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.

निस्तार हक्क म्हणजे काय, जुन्या कागदपत्रांत गावाची कोणती नोंद आहे, मधमाशा न मारता मध कसा काढावा, असे विषय या बैठकांतून निघत गेले. त्यामुळे वनहक्क कायदा, २००६ अमलात आला तेव्हा गाव तयार होते. २००९ मध्ये मेंढ्यास सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशातील अगदी पहिल्या गावांत त्याची गणना होते. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय वनमंत्री आणि मुख्यमंत्री यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सर्वत्र गाजली. अभ्यासगटाचे नाव मात्र क्वचितच ऐकू येते.

मेंढा हे लहान, एका समाजाचे गाव आहे. तेथील सर्वसहमती अनेक जातीजमातींच्या मोठ्या गावात चालेल काय, असा आक्षेप घेतला जातो. तो रास्त आहे. मोठ्या गावात सर्वसहमती कठीणच. परंतु अभ्यासगटास सर्वसहमती लागत नाही. त्यास पंधरा-वीस माणसे, एक वही आणि आठवड्यातील एक संध्याकाळ पुरते.

यावल तालुक्यात अशा अभ्यासाचे विषय शोधत जावे लागणार नाही. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी आणि मध्ये केळीच्या बागा, अशी या तालुक्याची रचना आहे. डोंगरालगतच्या पावरा, बारेला, तडवी वस्त्यांपैकी काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे पेसा कायदा, १९९६ आणि त्याखालील राज्याचे २०१४ चे नियम लागू आहेत. या नियमांमुळे पाड्यालाही विहित रीतीने स्वतःची ग्रामसभा मागता येते. आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी अशा क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट देण्याचा निर्णय २०१५ मध्ये झाला. त्याचा विनियोग ग्रामसभेने ठरवावयाचा असतो. यावल येथेच एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय असल्याने नियमांची प्रत मिळविणे दुर्घट नाही. १९६९ मध्ये घोषित झालेल्या यावल अभयारण्यालगतच्या गावांनीही हे लक्षात घ्यावे की, वनहक्क कायदा अभयारण्यास लागू आहे. सामूहिक दाव्यासाठी एकाहून अधिक पुरावे लागतात, आणि वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब हा त्यांतील एक पुरावा मानला जातो. हे जबाब वेळीच लिहून घ्यावयास हवेत. ज्यांना जुनी वहिवाट, देवस्थाने आणि गुरे चारण्याच्या वाटा ठाऊक आहेत, अशी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

सपाटीवरच्या गावांत विषय पाण्याचा आहे. भूजल मूल्यांकनात यावल व रावेर या तालुक्यांची नोंद अतिशोषित म्हणून झाली आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा जो पट्टा आहे, ज्यास भूगर्भशास्त्रज्ञ बझाडा म्हणतात, तो पाणी मुरविण्यास अत्यंत अनुकूल समजला जातो. तरीही उपसा त्यापुढे गेला. प्रत्येक शेतकऱ्यास आपल्या विहिरीची खोली माहीत असते, गावाच्या पाण्याचा हिशेब मात्र कोणाजवळ नसतो. शाळेच्या शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांकडून, विहीरमालकांच्या संमतीने व मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली, दहा-बारा विहिरींच्या पातळीची नोंद पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर ठेवविली, तर दोन-तीन वर्षांत ग्रामसभेपुढे ठेवण्यासारखा तक्ता तयार होईल. नवीन कूपनलिकांचा किंवा बंधाऱ्यांचा विषय निघेल तेव्हा तो तक्ता भिंतीवर लावावा.

ग्रामसेवकांनी एवढे करावे की, सभेच्या सूचनेसोबत विषयाची आकडेवारी सोप्या मराठीत लिहून चावडीवर आणि शाळेत लावावी. पाड्यांवर ती पावरी किंवा तडवी जाणणाऱ्याकडून वाचून दाखवावी. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहेच. तिच्या आधी हे कागद महिलांच्या बचतगटांपर्यंत पोहोचले पाहिजेत. सूचना आणि सभा यांमध्ये सात दिवस असतात. अभ्यासगटाची पहिली बैठक त्याच सात दिवसांत भरविता येईल.