आधी जाडी पिन

चंद्रपुरात राहून इलेक्ट्रॉनिक्सचा नाद जपणाऱ्याला बाहेरगावचे पाहुणे हमखास विचारतात, एवढ्या उन्हात तुमची यंत्रं टिकतात तरी कशी? प्रश्न रास्त आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४७ अंशांपर्यंत चढतो. कपॅसिटर नावाचा जो छोटा डबा प्रत्येक चार्जरमध्ये आणि टीव्हीत बसलेला असतो, त्याचं आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्म्यावर येतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीचीही तीच गत. पण उन्हाचा मार हळू बसतो आणि आधी कळतो. बॅटरी आतल्या खोलीत हलवता येते, राउटर पत्र्याखालून काढता येतो. चंद्रपूर-गडचिरोलीत इतकी वर्षं पोट आणि छंद दोन्ही याच सामानावर चालवल्यावर माझं मत झालं आहे, की आमच्याकडे खरा घात अर्थिंगच्या तारेने होतो. म्हणजे ती नसल्याने, किंवा नुसती दाखवायला असल्याने.

माझं काम शाळांतल्या आणि सेवा केंद्रांतल्या संगणकांची देखभाल. मूल, चामोर्शी, आष्टी, अहेरी, कधी पार एटापल्लीपर्यंत. घरी जुने रेडिओ दुरुस्त करतो, गच्चीवर पाऊस-वारा मोजायचं यंत्र लावलं आहे, रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या संगणकावर काहीबाही चालू असतं. त्या खोलीला मुलगी ‘लॅब’ म्हणते, तिची आई ‘भंगार’. दोघींचंही खरं आहे.

शाळेत गेलो की पोरं पहिली तक्रार काय करतात? “सर, हा कॉम्प्युटर करंट मारते.” संगणकाच्या डब्याच्या पत्र्याला हाताची उलटी बाजू लागली की बारीक झिणझिण्या येतात. याचं कारण साधं आहे. संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला खरखराट गाळायला दोन कपॅसिटर असतात आणि ते गाळलेलं सगळं अर्थच्या तारेत सोडतात. ती तार पुढे कुठे गेलेलीच नसेल, तर डब्यावर २३० च्या निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून जीव जात नाही. पण त्या झिणझिण्या एक गोष्ट पक्की सांगतात, की या खोलीला अर्थिंग नाही. आज कपॅसिटरची गळती हाताला लागते आहे, उद्या आतली फेजची तार सैल होऊन पत्र्याला टेकली, तर पूर्ण २३० व्होल्ट लागतील.

मग शोध घ्यायचा. बोर्ड उघडला की हिरवी तार दिसते. लोक म्हणतात, आहे की! तार आहे, पण ती जाते कुठे? एका ठिकाणी ती भिंतीतल्या खिळ्याला गुंडाळलेली निघाली. दुसरीकडे नळाच्या पाइपला बांधलेली होती. पूर्वी ते चाललंही असेल, कारण पाइप लोखंडी होता आणि जमिनीत गेलेला होता. मधल्या काळात कुणीतरी प्लास्टिकचा पाइप टाकला. नळाला पाणी येत राहिलं, अर्थिंग मात्र त्या दिवशी संपलं, आणि कुणाला पत्ता नाही. थ्री-पिन टॉपची अर्थची जाडी पिन कापून तो दोन पिनांच्या बोर्डात खुपसणं हा तर आमचा राष्ट्रीय उद्योगच आहे.

वडशाच्या झाडीपट्टी नाटकांना साउंड पुरवणारा माझा एक मित्र आहे. मांडवात माइक ओठांना लागला की नटाला झटका बसतो, हे त्याच्या धंद्यात नवं नाही. ॲम्प्लिफायरला अर्थ नसणं हेच त्याचं नेहमीचं कारण. आता तो तंबू ठोकायच्या आधी तांब्याची सळई ठोकतो.

आता कूलरकडे येतो. खरं म्हणजे हा लेख कूलरसाठीच लिहिला आहे. विदर्भात कूलर नसलेलं घर दाखवा! पण विजेच्या दृष्टीने त्याच्याकडे बघा : पत्र्याचा डबा, आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप, खाली ओली फरशी आणि जवळ येणारा माणूस अनवाणी. वर्षातले सात-आठ महिने माळ्यावर पडलेल्या पंपाच्या तारेचं आवरण कडक होऊन तडकतं. उंदीर कुरतडतात ते वेगळंच. एप्रिलमध्ये तोच पंप आपण पाण्यात सोडतो आणि कूलर चालू ठेवूनच पाइपने टाकी भरतो. महावितरण दर उन्हाळ्यात या बाबतीत आवाहन करतं, तरी कूलरच्या झटक्याने माणूस गेल्याची बातमी उन्हाळ्यात वाचावी लागतेच.

आमच्याकडे पाणी भरायचं काम मुलीचं. म्हणून घरात कुठलंही नवं यंत्र यायच्या आधी मी डीबीत, म्हणजे मेन स्विचच्या पेटीत, ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवून घेतला. एमसीबी वायरिंगला वाचवतो, आरसीसीबी माणसाला. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला नाही, म्हणजे वाटेत कुठेतरी जमिनीत झिरपला, की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. त्याला अर्थिंगची जोड असेल तर आणखी बरं. पत्र्यात करंट उतरताच तो पडतो, कुणाचा हात लागायची वाट बघत नाही. किंमत एका बऱ्यापैकी स्मार्ट घड्याळाएवढी. अनेक घरांत तो असतो, पण ‘सारखा पडते’ म्हणून वायरमनकडून काढून टाकलेला असतो. तो उगाच पडत नाही. कुठेतरी गळती असते, नाहीतर इन्व्हर्टर जोडताना दोन सर्किटांचे न्यूट्रल एकत्र केलेले असतात. कारण शोधायचं सोडून पहारेकरीच काढून टाकणं हे काही शहाणपण नव्हे.

अर्थिंगची एक अडचण मात्र आमच्या हवेचीच आहे, आणि ती फारशी कुणी सांगत नाही. खड्ड्यात जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, भोवती मीठ आणि लोणारी कोळसा, ही आपली जुनी रीत चांगलीच आहे. पण तिचं सगळं काम चालतं ओलाव्यावर. मे अखेरीस माती भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थचा रोध वाढतो. नेमके तेच दिवस कूलरचे आणि तेच वळवाच्या विजांचेही. पावसाळ्यात तपासलं तर सगळं उत्तम दिसतं. म्हणून तपासणी मे महिन्यात करा, आणि उन्हाळाभर त्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. राजुरा-कोरपन्याकडे खाली चुनखडक आहे, तिथे एका खड्ड्यावर भागत नाही. दोन खड्डे अंतर ठेवून घ्यावेत आणि एकमेकांना जोडावेत. वायरमन बल्ब लावून दाखवतो आणि ‘पेटला, अर्थिंग ओके’ म्हणतो, त्यावर समाधान मानू नका. बल्ब अर्धा ॲम्पिअरही ओढत नाही, त्यामुळे सुमार अर्थिंगवरही तो झकास पेटतो. अर्थ टेस्टरने मोजायला सांगा. घराला पाच ओहमच्या आत आकडा आला तर छान.

विजांचं म्हणाल, तर मृगाच्या तोंडावर आमच्या मागच्या गल्लीतल्या झाडावर वीज पडली. आमच्या घरावर नाही. तरी गच्चीवरचं यंत्र, खालचा राउटर आणि टीव्हीचं एक सॉकेट असे तिघं एकदम गेले. तिघांना जोडणारी होती लांब तांब्याची केबल. जवळपास वीज पडली की अशा केबलमध्ये आपोआप दाब निर्माण होतो, स्पाइक गार्ड बोर्डात लावलेला असला तरी. शिवाय स्पाइक गार्ड जादाची वीज ढकलणार अर्थमध्येच. अर्थ नसेल तर तो नुसता एक्स्टेन्शन बोर्ड. तेव्हापासून गच्चीवरच्या यंत्राला छोटं सोलर पॅनेल आहे आणि माहिती वायरलेसने खाली येते. ढग गडगडू लागले की डिश टीव्हीची केबलही काढतो. फायबर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. काच वीज वाहत नाही, पण खांबावरून घरात येणाऱ्या त्या काळ्या केबलमध्ये बहुधा आधाराची स्टीलची तार असते. ती बाहेरच कापून घ्यावी.

पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातल्या विजांचा इशारा देतं. ते घ्याच. पण तेंदूपत्ता तोडायला जंगलात गेलेल्यांना रेंज कुठली? तिथे कान कामाला येतो. लखलखाट आणि गडगडाट यांमधले सेकंद मोजून तीनने भागा, तेवढे किलोमीटर. खरं तर गडगडाट ऐकू आला म्हणजेच वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते. झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

आणखी एक. २,९२० मेगावॉटचं वीजकेंद्र उशाशी असूनही वादळात फांदी पडली की आमची लाइन जाते, दिव्याखाली अंधार म्हणतात तसा. पण लाइन जाण्यापेक्षा न्यूट्रल तुटणं वाईट. मग एका घराला १०० व्होल्ट मिळतात आणि शेजारच्याला ४०० च्या जवळ. मी अहेरीला होतो तेव्हा आमच्या गल्लीत हेच झालं. आईने फोनवर सांगितलं, “बाप्पा, पंखा विमानासारखा फिरून रायला होता, ट्यूब पांढरीफटक झाली. मी मेन पाडला.” तिला न्यूट्रल वगैरे काही ठाऊक नाही. दिवे अचानक जास्त उजळले किंवा मंदावले, की आधी मेन पाडायचा, एवढंच तिला सांगून ठेवलं होतं. आमचा टीव्ही वाचला. त्या लाइनवरच्या इतर घरांतले दोन फ्रिज गेले. एमसीबी अशा वेळी कामाला येत नाही. जास्त-कमी व्होल्टेजला तोडणारा प्रोटेक्टर वेगळा लावावा लागतो, आणि तो लागेपर्यंत मेन स्विच कुठे आहे ते घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवं. नाद करणारा माणूस बहुतेक वेळा नेमका घराबाहेर असतो.

तेव्हा पुढचं गॅजेट मागवण्याआधी एवढं करा. डीबीचं झाकण उघडा, आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं ते दाबा. घरातली वीज गेली तर ठीक, महिन्यातून एकदा असंच दाबत जा. गेली नाही, किंवा असं बटणच सापडलं नाही, तर आजच वायरमनला फोन लावा. आणि कूलरमध्ये पाणी भरायचं ते टॉप बोर्डातून काढूनच, आरसीसीबी असला तरीही.