नदीच्या नोंदी संगणकात भरताना

नदीचे पाणी पूर्वीपेक्षा सुधारले की बिघडले, या प्रश्नाचे उत्तर केवळ पाण्याकडे पाहून देता येत नाही. त्यासाठी अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र आणून त्यांचा सांख्यिकी अभ्यास करावा लागतो. १९९५ मध्ये सुरू झालेल्या जलविज्ञान प्रकल्पात महाराष्ट्राचा समावेश होता. त्या प्रकल्पामुळे वह्यांतील नोंदी संगणकावर नेण्याच्या कामास गती मिळाली. २०१६ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पाने या कामाची व्याप्ती देशभर वाढविली. संगणक आकडेमोड बिनचूक करतो. परंतु त्याला दिलेला आकडा खरा आहे की नाही, हे तो आपण होऊन ठरवीत नाही. ती जबाबदारी नोंद भरणाऱ्याची आहे.

दोन प्रकारच्या नोंदी

सरितामापन केंद्रावर पट्टीवरील पाण्याची पातळी नियमितपणे वाचली जाते आणि पातळी व विसर्ग यांच्या पूर्वनिश्चित संबंधावरून दैनिक विसर्ग काढण्यात येतो. गुणवत्तेसाठी मात्र नमुना बाटलीत घेऊन प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. त्यामुळे असे नमुने वर्षातून मोजकेच मिळतात. या दोहोंसाठी स्वतंत्र तक्ते असावेत. केंद्राचे नाव, नदी, पाणलोट क्षेत्र आणि वापरलेली एकके यांची माहिती तिसऱ्या तक्त्यात द्यावी. केंद्र क्रमांक व दिनांक हे या तक्त्यांना जोडणारे दुवे होत.

दिनांक आणि एकक

आपल्याकडे प्रथम दिवस व नंतर महिना लिहितात. अमेरिकी पद्धतीने मांडणी केलेला संगणक ०७/०६ ही ७ जूनची नोंद ६ जुलैची समजतो. पावसाच्या तोंडचा क्षीण प्रवाह अशा रीतीने ऐन पावसाळ्यात जाऊन बसतो. यासाठी वर्ष, महिना व दिवस हे स्वतंत्र रकान्यांत भरणे हितावह ठरते.

एककांतील चूक अधिक घातक असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. काही प्रयोगशाळा हेच प्रमाण नायट्रेटमधील नत्राच्या रूपाने कळवितात. त्या आकड्यास सुमारे ४.४३ ने गुणल्यावर नायट्रेटचे प्रमाण मिळते. नत्ररूपातील १२ हा आकडा नायट्रेटच्या रकान्यात तसाच उतरविला, तर पाणी सुरक्षित भासेल. प्रत्यक्षात नायट्रेट ५३ मिलिग्रॅम असेल आणि ते पाणी तान्ह्या बालकांना अपायकारक ठरू शकेल.

रिकामी जागा म्हणजे शून्य नव्हे

महापुरात पट्टी वाहून गेली, तर त्या दिवसाची नोंद मिळत नाही. तेथे शून्य लिहिल्यास पुराचा दिवस कोरडा ठरतो. काही जुन्या संचिकांत अशा जागी उणे ९९९ हा सांकेतिक अंक आढळतो. महिन्यातील २९ दिवस विसर्ग ४०० घनमीटर प्रतिसेकंद असताना एका दिवशी हा अंक राहून गेला, तर मासिक सरासरी ४०० ऐवजी ३५३ येते. हा आकडा वरकरणी संभवनीय वाटत असल्याने चूक सहज लक्षात येत नाही.

मापनमर्यादेखालील नोंदी

प्रयोगशाळा कधी "०.१ पेक्षा कमी" असा निष्कर्ष देते. येथे निश्चित आकडा नसून शून्य ते ०.१ अशी कक्षा असते. अशा नोंदीत मर्यादेच्या निम्मे, म्हणजे ०.०५, भरण्याची पद्धत रूढ आहे. पुढे अधिक सूक्ष्म उपकरण आले व निष्कर्ष "०.०२ पेक्षा कमी" असा मिळाला, तर त्याच पद्धतीने ०.०१ भरले जाते. परिणामी नदी पाचपट शुद्ध झाल्याचे चित्र उमटते. वस्तुतः बदलले असते ते केवळ उपकरण. म्हणून किमान व कमाल असे दोन रकाने ठेवून दोन्ही मर्यादा नोंदवाव्यात.

प्रवाहाची जोड

गुणवत्तेचा आकडा प्रवाहाविना अपुरा असतो. उदाहरणादाखल, उन्हाळ्यात विसर्ग २ घनमीटर प्रतिसेकंद व नायट्रेट लिटरमागे १० मिलिग्रॅम असेल, तर दिवसाला १,७२८ किलोग्रॅम नायट्रेट वाहते. पावसाळ्यात विसर्ग ४०० व नायट्रेट केवळ ३ मिलिग्रॅम असले, तरी हा भार १,०३,६८० किलोग्रॅम होतो. उन्हाळ्यातील आकडा काठावरच्या गावाच्या आरोग्याचा, तर पावसाळ्यातील भार खालच्या जलाशयाच्या भवितव्याचा विचार करावयास लावतो. शिवाय अवर्षणाच्या वर्षी तेवढेच सांडपाणी कमी पाण्यात मिसळून प्रदूषण वाढल्यासारखे दिसते. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतील रॉबर्ट हर्श व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत काळ, विसर्ग व ऋतू या तिन्हींचा एकत्र विचार केलेला आहे. त्यामुळे ओल्या-कोरड्या वर्षांचा प्रभाव बाजूला सारून खरा कल ओळखणे शक्य होते.

स्थानिक पातळीवरील कार्य

ग्रामपंचायतीस मिळणाऱ्या तपासणी अहवालावर नमुन्याचे ठिकाण, दिनांक, एकक व मापनमर्यादा यांचा उल्लेख आहे काय, हे सदस्यांनी अवश्य पाहावे. शिक्षकांना नदीवरील पट्टीच्या वाचनातून विद्यार्थ्यांना आलेखाचा उत्तम पाठ देता येईल. अधिकाऱ्यांनी मूळ वही जतन करून संगणकातील काही नोंदी वेळोवेळी तिच्याशी ताडून पाहाव्यात. दुरुस्ती झाल्यास जुना आकडा न पुसता तिचे कारण लिहावे. नदी सुधारल्याचा निर्वाळा शेवटी या नोंदींवरूनच दिला जाणार आहे आणि त्यावर विसंबून गावे पाणी पिणार आहेत.