डाव्या हाताचें शिक्षण

आमच्या शाळेंतील प्रार्थनेच्या वेळीं शास्ते ह्या पुस्तकांतील एहूदाची गोष्ट दोन-तीन वर्षांतून एकदां तरी वाचली जाते. मुलें ती आवडीनें ऐकतात, कारण तींत तरवार आहे, लठ्ठ राजा आहे आणि बंद दार आहे. परंतु गोष्टीच्या आरंभींच जो एक लहानसा तपशील आला आहे त्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. एहूद डावखुरा होता. तो बन्यामीन वंशांतला, आणि बन्यामीन ह्या नांवाचा इब्री भाषेंतील अर्थ उजव्या हाताचा पुत्र असा आहे. उजव्या हाताच्या पुत्रांत डावखुरे निपजावे ही मौजच म्हणावयाची! त्याच पुस्तकाच्या विसाव्या अध्यायांत ह्या वंशांतील ७०० निवडक डावखुऱ्या गोफणदारांचा उल्लेख आहे, आणि पहिल्या इतिहासाच्या बाराव्या अध्यायांत, दावीद सिकलाग येथें असतां जे बन्यामिनी वीर त्याला येऊन मिळाले, ते उजव्या व डाव्या अशा दोन्ही हातांनीं धोंडे व बाण मारण्यांत तरबेज होते असें सांगितलें आहे. आपल्याकडे अर्जुनास सव्यसाची म्हणतात तें ह्याच गुणावरून.

ह्या गोष्टी आम्ही वर्गांत पुष्कळ वर्षें सांगत आलों. पण दुसऱ्या हातास शिक्षण देणें म्हणजे काय, ह्याचा विचार करण्याचा प्रसंग आमच्यावर दोन वर्षांपूर्वीं आला. आषाढांतील एका सकाळीं ओल्या पायऱ्यांवरून आमचा पाय घसरला, उजव्या मनगटाचें हाड मोडलें आणि सहा आठवडे तो हात प्लास्टरांत राहिला.

दुसऱ्या आठवड्यांत वर्गावर गेलों व डाव्या हातांत खडू घेऊन फळ्यावर तारीख लिहिली. वर्ग हांसला. तो हांसला ह्यांत नवल नव्हतें. तीं अक्षरें पाहून आम्हांसही हांसूंच आलें. परंतु खरी अडचण फळ्याची नव्हे, हजेरीपटाची होती. शाईनें एक ओळ लिहावी तों हाताच्या कडेनें ती सारी फांसली जाई. तास संपल्यावर आम्ही असे खटपट करीत बसलों असतां एक विद्यार्थी टेबलाजवळ येऊन उभा राहिला. हा मुलगा डावखुरा. त्याच्या वहींत नेहमीं शाईचे डाग असत, आणि नीटनेटकेपणाचे गुण आम्ही त्याला नेहमीं कमी देत असूं. एकदां तर सर्व वर्गासमोर आम्हीं त्याच्या डाव्या हातांतील लेखणी काढून उजव्या हातांत दिली होती. तो भीत भीत म्हणाला, “सर, वही उजवीकडे कलती करा. आणि हात ओळीच्या खालीं ठेवा, म्हणजे पुसत नाहीं.”

आम्हीं तसें केलें. डाग पडेनासे झाले.

त्या क्षणीं आम्हांस जें कळलें तें लिहावयास आम्हांस संकोच वाटतो, पण पालकांसाठीं तें लिहिणें अवश्य आहे. त्या मुलाच्या वहींतले डाग हे गबाळेपणाचे नव्हते. आपली लिपि डावीकडून उजवीकडे जाते. उजवा हात लिहिलेलें मागें ठेवून पुढें सरकतो, तर डावा हात लिहिलेल्या ओल्या अक्षरांवरूनच चालत जातो. ज्या गोष्टीसाठीं आम्ही त्याला बोल लावीत होतों ती त्याची नव्हती, शाईची व दिशेची होती. आणि तिच्यावरचा उपाय त्यानें कोणाच्याही मदतीवांचून शोधून काढिला होता, तोही शिक्षकाचा रोष पत्करून. दुसऱ्या दिवशीं आम्हीं वर्गासमोर त्याची क्षमा मागितली व फळ्याजवळ उभें करून त्याच्याकडूनच पुढील धडा घेतला.

आतां मुख्य विषयाकडे वळूं. शरीराच्या उजव्या बाजूचे स्नायु मेंदूच्या डाव्या अर्धाच्या हुकुमांत असतात व डाव्या बाजूचे उजव्या अर्धाच्या. कारण मेंदूकडून निघणारे बहुतेक मज्जातंतु मेंदूच्या खालच्या टोकाशीं एकमेकांस ओलांडून पलीकडे जातात. माणसांपैकीं दर दहांत सुमारें एक डावखुरा असतो. बाकीच्यांचा डावा हात दुर्बळ नसतो, अशिक्षित असतो. पेटी वाजविणाऱ्याचा डावा हात भाता हलवितो, तबलजीचा डग्ग्यावर मींड काढितो, विणकाम करणाऱ्या आईचा दुसरी सुई सांभाळितो. जेथें काम दिलें तेथें तो शिकला आहे. आमच्या मुलांच्या ओळखीचें उदाहरण द्यावयाचें तर सचिन तेंडुलकर उजव्या हातानें फलंदाजी करी, पण स्वाक्षरी डाव्या हातानें करितो.

अक्षरांविषयीं एक गोष्ट फार चमत्कारिक आहे. अक्षराचें ज्ञान हातांत नसतें. कागदावर बारीक सही करा, मग तीच सही खडूनें फळ्यावर हातभर मोठी करा, आणि मग पायाच्या आंगठ्यानें वाळूंत करून पाहा. तिन्हींतील स्नायु निरनिराळे, तरी वळण ओळखूं येतें. म्हणजे डाव्या हातास अ, आ, इ पासून आरंभ करावयाचा नसून केवळ बोटांची हालचाल शिकावयाची आहे. १८९४ सालीं अमेरिकेंतील येल विद्यापीठांत स्क्रिप्चर नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं प्रयोग करून दाखविलें कीं एका हातास सराव दिला असतां न शिकविलेल्या दुसऱ्या हाताचीही शक्ति व स्थिरता कांहीं अंशीं वाढते.

डावा हात प्रथम स्वैर सोडला तर पुष्कळदां उलटें, आरशांत दिसतें तसें अक्षर काढितो, कारण शरीराच्या मध्यापासून बाहेर जाण्याची गति त्याला सोपी वाटते. दोन्ही हातांत खडू घेऊन फळ्याच्या मध्यापासून एकाच वेळीं दोहींकडे ‘स’ काढून पाहा. डाव्या हाताचा ‘स’ आपोआप उलटा येईल. लिओनार्दो द विंची हा डावखुरा चित्रकार आपल्या वह्या अशाच उलट अक्षरांत लिहीत असे.

हें शिक्षण प्रौढ वयांत होतें काय? ह्याचें उत्तर एका फार मोठ्या दुःखांतून मिळालें आहे. अमेरिकेंतील यादवी युद्ध १८६५ सालीं संपलें तेव्हां हजारों सैनिक हात किंवा पाय गमावून घरीं परतले. त्या काळीं जखमी अवयव वांचविण्याचे उपाय थोडे होते; शस्त्रवैद्य तो कापून टाकीत. उजवा हात गेलेल्या शेतकऱ्याला नांगर धरतां येईना, सुताराला करवत धरतां येईना. कारकुनीची नोकरी मिळण्यासारखी होती, पण तिला अक्षर चांगलें लागे. न्यूयॉर्क येथें विल्यम ओलंड बोर्न ह्या नांवाचे एक गृहस्थ सैनिकांच्या इस्पितळांत धर्मोपदेशकाचें काम करीत आणि सैनिकांसाठीं एक पत्र चालवीत. त्यांनीं १८६५ सालीं त्या पत्रांत जाहीर केलें कीं, ज्यांचा उजवा हात युद्धांत निकामी झाला आहे त्यांनीं डाव्या हातानें लिहिलेले लेख पाठवावे. उत्तम अक्षरास एकंदर १००० डॉलरांचीं बक्षिसें देण्यांत येतील. अडीचशेंहून अधिक सैनिकांनीं लेख पाठविले. पुढें दुसरी स्पर्धाही झाली. हे लेख आज वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयांत जतन करून ठेविले आहेत. कोणी आपला हात कोणत्या लढाईंत गेला तें लिहिलें, कोणी देशाविषयीं लिहिलें. त्यांतील कित्येकांचें अक्षर इतकें सरळ व डौलदार आहे कीं, तें डाव्या हाताचें आहे असें सांगावें लागतें. बोर्न ह्यांनीं ह्या लोकांस भिक्षा दिली नाहीं. काम दिलें, आणि त्या कामास परीक्षक नेमले. आमच्या मतें ह्या स्पर्धेंतील खरी थोरवी हीच.

नेल्सनचें उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. १७९७ च्या जुलैंत तेनेरीफच्या हल्ल्यांत त्याचा उजवा हात गेला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यानें डाव्या हातानें आपल्या वरिष्ठास पत्र लिहिलें. १८०५ सालीं मृत्यु येईपर्यंत तो त्याच हातानें लिहीत असे. महात्मा गांधींस तर कांहीं इजाही झाली नव्हती. १९०९ च्या नोव्हेंबरांत लंडनहून दक्षिण आफ्रिकेस जातांना ‘किल्डोनन कॅसल’ ह्या बोटीवर त्यांनीं ‘हिंद स्वराज्य’ हें पुस्तक दहा दिवसांत लिहून काढिलें. उजवा हात थकला कीं ते डाव्यानें लिहीत. हस्तलिखिताच्या २७५ पानांपैकीं सुमारें ४० पानें डाव्या हातचीं आहेत.

आतां पद्धति सांगतों. तींतील अर्धी त्या विद्यार्थ्याची आहे व अर्धी आमच्या चुकांतून आलेली.

कागद शरीराच्या मध्यरेषेच्या किंचित् डावीकडे घ्यावा व त्याचें वरचें टोक उजवीकडे कलतें ठेवावें. मनगट सरळ असावें. तें वांकवून ओळीच्या वरून लिहिण्याची खोड प्रथमच टाळावी, नाहीं तर ती पुढें सुटत नाहीं. लेखणी टोंकापासून नेहमींपेक्षां थोडी वर धरावी, म्हणजे लिहिलेलें दिसतें. आरंभ मऊ शिसपेन्सिलीनें करावा. उजवा हात आडवी रेघ ओढतो, तर डावा ती ढकलतो. त्यामुळें टांकाचें टोंक कागदांत रुततें. बोरूही आरंभीं घेऊं नये, कारण त्याची जीभ उजव्या हातासाठीं तिरपी कापलेली असते.

अक्षरांस हात घालण्यापूर्वीं चार दिवस मोठ्या आकृति काढाव्या. आपल्या जुन्या गांवठी शाळांतून मुलें धूळपाटीवर बोटानें अक्षरें गिरवीत, ती रीत येथें फार उपयोगी पडते. ताटांत रांगोळी पसरावी व डाव्या हाताच्या बोटानें वर्तुळें, वेलांट्या, उभ्या दांड्या काढाव्या. प्रथम खांद्यानें, मग कोपरानें, शेवटीं बोटांनीं, अशा क्रमानें हालचाल लहान करीत जावें. मग ग, म, न, प हीं दांड्याचीं अक्षरें घ्यावीं. ळ, इ, क्ष हीं उशिरां येतात. आम्हांस ‘ह’ सर्वांत शेवटीं वश झाला व अजून कधीं कधीं रुसतो. शिरोरेघेची एक युक्ति सांगतों. मोडी लिहिणारे कारकून आधीं आडवी रेघ ओढून तिला अक्षरें लटकवीत. डाव्या हातानें देवनागरी लिहितांनाही प्रथम रेघ आंखून घेतली तर अक्षरें वरखालीं नाचत नाहींत.

दररोज पाव तास पुरे. मूठ आवळूं लागली, दांत चावले जाऊं लागले, कीं थांबावें. पहिल्या दिवसाचा कागद तारीख घालून जपून ठेवावा. तिसऱ्या आठवड्यांत मन खचतें तेव्हां तो काढून पाहावा. केंस विंचरणें, फळा पुसणें हीं कामें डाव्या हातास द्यावीं. सुरी, विळी व कात्री मात्र देऊं नये. आमचा अनुभव म्हणाल तर पहिल्या दिवशीं स्वतःचें नांव लिहावयास दीड मिनिट लागलें, आणि सहाव्या आठवड्याच्या शेवटीं हजेरीपट वाचतां येईल असा लिहितां येऊं लागला. वेग मात्र उजव्याच्या निम्माच राहिला.

चित्रकलेंत हें शिक्षण अधिक आनंद देतें. फिलाडेल्फिया येथील लिबर्टी टॅड नांवाचे चित्रशिक्षक मुलांकडून फळ्यावर दोन्ही हातांनीं वर्तुळें, वेली व पानें काढून घेत. त्यांचें त्या विषयावरील पुस्तक १८९९ सालीं निघालें. उजवा हात आंबा काढितो तेव्हां तो पाठ झालेला आंबा काढितो. डाव्या हातास पाठ कांहींच नसतें, म्हणून डोळ्यास समोरच्या आंब्याकडे पाहावें लागतें. देंठाजवळचा खळगा, एका बाजूचा फुगवटा हीं त्याला तेव्हां दिसतात. रेघ कांपते, पण ती खरी असते.

येथें एक सावधगिरीची सूचना. १९०३ सालीं लंडनमध्यें जॉन जॅक्सन ह्यांनीं दोन्ही हातांच्या शिक्षणासाठीं एक संस्था काढिली, आणि बालवीरांचे संस्थापक बेडन-पॉवेल ह्यांनीं जॅक्सन ह्यांच्या पुस्तकास प्रस्तावना लिहिली. ह्या मंडळींची आशा अशी कीं दोन्ही हात सारखे झाले म्हणजे बुद्धिही वाढेल. तसें सिद्ध झालेलें नाहीं. आजही कोणी डाव्या हातानें लिहवून मुलाची स्मरणशक्ति दुप्पट करून देतों म्हणून फी मागत असेल तर पालकांनीं ती फी वांचवावी. ह्या अभ्यासानें मिळतो तो एक शिकलेला हात.

आणि जन्मतः डावखुऱ्या मुलास उजव्या हातानें लिहिण्याची सक्ति करणें ही ह्याच्या अगदीं उलट गोष्ट आहे. उजव्या हाताच्या माणसानें हौसेनें किंवा गरजेनें डावा हात शिकवावा. त्याचा मूळ हात त्याच्यापाशीं राहतोच. डावखुऱ्याकडून मात्र त्याचा चांगला हात काढून घेतला जातो. आपल्या भाषेंत दुर्लक्ष करण्यास डावलणें म्हणतात, पक्षपातास डावें-उजवें करणें म्हणतात. घरोघर देण्याघेण्यास डावा हात पुढें केला तर वडील माणसें रागावतात, आणि आमच्या ख्रिस्ती घरांतूनही हें चालतें. जेवणाचा रिवाज ज्यानें त्यानें आपापल्या घरीं पाळावा. लेखणीस मात्र तो लावूं नये. असें मूल वर्गांत असेल तर त्याला बांकाच्या डाव्या टोकाला बसवावें, म्हणजे शेजाऱ्याच्या कोपराशीं त्याचें कोपर भांडणार नाहीं. एवढी व्यवस्था आम्हीं आतां आमच्या वर्गांत केली आहे.

प्लास्टर निघून बराच काळ लोटला, तरी आठवड्यांतून दोन दिवस हजेरी आम्ही डाव्या हातानें मांडितों. ह्या लेखाचें शेवटचें पानही त्याच हातानें लिहून दिलें होतें. छपाईसाठीं प्रत करणाऱ्या विद्यार्थिनीनें दोन शब्द विचारावयास तें परत आणिलें. दोन्हींत ‘ह’ होता.