आस मोठा हवा

पालघरच्या सातपाटी गावात पापलेटवर घरं उभी राहिली, मुलं शिकली. आम्ही समुद्रातले शिकारीच. त्यामुळे काय धरायचं आणि काय सोडायचं, हे आम्हीच ठरवायला हवं. वडिलांमागे होडी सांभाळताना जे पटलं, ते सांगतो.

१. फळीवर रेघ मारा. २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या मासळीचं किमान आकारमान ठरवलं. पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर आहे. आमच्या होडीवर मासळी निवडायच्या फळीवर खिळ्याने तेवढ्यावर रेघ ओढली आहे. तोंड फळीच्या कडेला टेकवायचं, शेपूट रेघेपलीकडे गेलं तरच टोपलीत. खलाशांना आकडा पाठ करावा लागत नाही. पण रेघेत न बसणारं पिल्लू फळीवर येईतो बहुतेक वेळा मेलेलं असतं; ते परत टाकून काय उपयोग? खरी निवड जाळं विकत घेतानाच होते. आस, म्हणजे जाळ्याचं भोक, मोठा असला की पिल्लू पाण्यातच निसटतं. तपासणीचा सगळा जोर बंदरावर असतो, तो जाळ्यांच्या दुकानावरही हवा.

२. बंदी गावाने धरली तर टिकते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, कारण पावसाळा हा मासळीच्या विणीचा काळ. जुनी माणसं नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नसत. बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवा, अशी मागणी पालघरच्या मच्छीमार संस्थाच करत आल्या आहेत. स्वतःची कमाई बुडवून ही माणसं हे मागतात, याचा मला अभिमान आहे. मात्र एका बंदराने थांबायचं आणि शेजारच्याने निघायचं, असं चालणार नाही. थांबायचं तर सगळ्यांनी.

३. कासव अडकलं तर आधी फोटो, मग सुरी. संरक्षित जीव सोडवताना जाळं कापावं लागलं, तर डिसेंबर २०१८ पासून सरकार २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. त्यासाठी पुरावा लागतो. व्हेल शार्कला शेपटीला दोर बांधून ओढू नका, पाण्यातच जाळं कापा. किनाऱ्यावर लागलेलं कासव लगेच समुद्रात ढकलू नका. पावसाळ्यात आमच्या किनाऱ्यावर आलेल्या एका ऑलिव्ह रिडलेच्या पुढच्या पराला नायलॉनचा तुकडा इतका रुतला होता, की मांस त्याच्यावरून वाढलं होतं. अशा जीवाला पोहता येत नाही. सावलीत ठेवा, पाठीवर ओला कपडा टाका आणि वनखात्याला कळवा; डहाणूत कासवांवर उपचारांचं केंद्र आहे. फाटकी जाळी समुद्रात टाकणं थांबलं, तर तिथली निम्मी धावपळ वाचेल असं मला वाटतं.

४. बाजारातल्या बायकांना मच्छीमार सोसायटीच्या बैठकीला बोलवा. लहान पापलेटला गिऱ्हाईक आहे की नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

५. पाण्याचा हिशेब मागा. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. हे सांडपाणी जिथे उतरतं, ती मुरबे-खारेकुरणची खाडी म्हणजे आमच्या मासळीचं पाळणाघर. आम्ही आस वाढवायचा, बंदी पाळायची आणि पिल्लं खाडीतच मरायची, हे आम्हाला मान्य नाही. खाडीच्या पाण्याच्या तपासणीचे आकडे दर महिन्याला मराठीत, प्रत्येक मच्छीमार सोसायटीच्या फलकावर लागले पाहिजेत.