जीर्ण फुफ्फुसविकारात पिष्टमय आहार किती वर्ज्य करावा?

प्रस्तावना :
सी.ओ.पी.डी. या दीर्घकालीन फुफ्फुसविकाराचे धूम्रपान हे प्रमुख कारण होय; परंतु आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या स्त्रियांमध्येही हा विकार आढळतो. ‘भात-भाकरी सोडल्यास दम कमी होतो’ ही समजूत कितपत ग्राह्य आहे, याचा येथे विचार करावयाचा आहे. तमकश्वासाशी या विकाराचे साम्य असले, तरी दोन्ही संज्ञा सर्वस्वी एकच मानू नयेत.

आधुनिक उपपत्ती :
पिष्टमय पदार्थाच्या ज्वलनात वापरलेल्या प्राणवायूइतकाच कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. हे गुणोत्तर 1.0 असते. स्निग्ध पदार्थांचे ते सुमारे 0.7, तर प्रथिनांचे सुमारे 0.8 असते. ज्याच्या फुफ्फुसांना हा वायू बाहेर टाकणे कठीण जाते, त्याला स्निग्धबहुल आहार हितकर ठरावा, असा तर्क यातून निघाला.

तथापि 1992 साली टॅल्पर्स व सहकाऱ्यांनी कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकूण उष्मांक स्थिर ठेवून पिष्टाचे प्रमाण बदलले असता वायुनिर्मितीत लक्षणीय फरक पडला नाही. एकूण उष्मांक वाढविताच मात्र ती वाढली. युरोपीय पोषणतज्ज्ञांच्या 2006 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही स्थिर अवस्थेतील रुग्णांना अल्पपिष्ट, स्निग्धबहुल पूरक आहाराचा विशेष लाभ नसल्याचे नमूद आहे. तात्पर्य, दोष पिष्टाचा कमी व अतिमात्रेचा अधिक.

आयुर्वेदीय दृष्टी :
चरकाचार्यांनी श्वासाचा उद्भव पित्तस्थानातून सांगितला आहे. म्हणून अग्नी व मात्रा यांचा विचार प्रथम करावा. आमाशयाचे तीन भाग कल्पून एक भाग घन आहारास, एक द्रवास व एक दोषसंचारास मोकळा ठेवावा, हा विमानस्थानातील उपदेश येथे विशेष उपयुक्त आहे. भरलेले पोट श्वासपटलाच्या हालचालीस अडथळा करते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, चिकित्सास्थानाच्या 17 व्या अध्यायात श्वासरोग्याच्या बृंहणात अपाय अल्प व साध्य, तर कर्षणात तो तीव्र व दुःसाध्य असल्याचे सांगितले आहे. कृश रुग्णाची भाकरी बंद करून पर्यायी पोषण न देणे हे कर्षणच होय. त्यात श्वसनाच्या स्नायूंचेही मांस क्षीण होते. 2004 साली मांडलेल्या ‘बोड’ निर्देशांकातही 21 किंवा त्याहून कमी शरीरभारांक हे अशुभ लक्षण गणले आहे.

व्यवहारातील योजना :
1. प्रत्येक भेटीत वजन नोंदवावे.
2. तीन मोठ्या भोजनांऐवजी पाच-सहा लहान आहार द्यावेत.
3. जुना साठेसाळीचा भात, जव, गहू, मुगाचे वरण व कुळथाचे कढण अग्निबलानुसार द्यावे. साखर, मिठाई व मैदा कमी करावा.
4. कृश रुग्णास तूप तसेच, सोसत असल्यास, दूध, अंडी वा मांसरस द्यावा. प्रथिने प्रतिदिनी प्रतिकिलो 1.2 ते 1.5 ग्रॅम असावीत. वृक्कविकारात मात्र हे प्रमाण तज्ज्ञांनी ठरवावे.
5. स्थूल रुग्णात उष्मांक सावकाश कमी करावेत, स्नायुबल जपावे.

सावधानता :
इन्सुलिन वा मधुमेहाची औषधे घेणाऱ्या रुग्णाचा पिष्टमय आहार अकस्मात तोडल्यास रक्तशर्करा घातक पातळीपर्यंत घसरू शकते. सकाळची डोकेदुखी, गुंगी वा संभ्रम ही कार्बन डायऑक्साइड साचल्याची लक्षणे असू शकतात. अशा रुग्णास आहारबदलावर विसंबून न ठेवता त्वरित रुग्णालयात पाठवावे. चालू असलेली श्वासमार्गे घ्यावयाची औषधे आहारबदलामुळे बंद करू नयेत.

सारांश :
‘काय सोडावे’ या प्रश्नाआधी ‘रुग्ण कृश आहे की स्थूल, आणि एका वेळी किती खातो’ हे पाहावे. पथ्याने रोग्याचे बल वाढावे. ते घटत असेल, तर पथ्याचाच पुनर्विचार करणे वैद्याचे कर्तव्य होय.